समाईक अवजार आणि निराळा हात

नीतीचे प्रश्न मोठ्या प्रसंगांतच उभे राहतात, अशी आपली एक समजूत असते. राज्य, संपत्ती, युद्ध, धर्म यांचा उल्लेख झाला की आपण सावरून बसतो. वस्तुतः माणसाचा माणसाशी जेथे रोजचा संबंध येतो त्या जागा फार लहान असतात. वाड्यातील समाईक जिन्याचा दिवा कोणी मालवायचा, आडावरची दोरी कोणी गुंडाळून ठेवायची, कचेरीतील एकुलत्या एका पंख्याचे तोंड कोणाकडे वळवायचे, या गोष्टींतून आपली न्यायबुद्धी जितकी उघड होते तितकी ती मोठ्या भाषणांतून होत नाही. या यादीत आम्ही आज आणखी एका किरकोळ वस्तूची भर घालणार आहोत. ती वस्तू म्हणजे संगणकाचा माउस, आणि तोही नकाशे काढणाऱ्या आरेखकाच्या टेबलावरचा. त्याच्या बटणांनी काय करावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा आमचा प्रश्न आहे. तो ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु वाचकांनी थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

आमच्या बेळगावात खडेबाजारातून गणपत गल्लीच्या बाजूस वळताना मान वर केली, तर दुकानांवरच्या माडीवर इंजिनियर आणि आर्किटेक्ट यांच्या पाट्या दिसतात. घरबांधणीचा प्लॅन, महापालिकेच्या मंजुरीचा नकाशा, वाटणीसाठी लागणारा जागेचा आराखडा अशी कामे तेथे चालतात. तिकडे उद्यमबागेत फाउंड्रीचा पॅटर्न करण्यापूर्वी त्याचे ड्रॉइंग तयार व्हावे लागते. ही सारी कामे पूर्वी फळ्यावर कागद ताणून होत. आता ती ऑटोकॅड किंवा त्यासारख्या प्रणालीवर होतात. आरेखकाचा एक हात दिवसभर माउसवर असतो. डाव्या बटणाने रेषा उचलायची, बिंदू निवडायचा. मधले चाक फिरविले की नकाशा जवळ येतो किंवा दूर जातो, तेच चाक दाबून धरले की नकाशा कागदासारखा सरकतो, आणि दोनदा झटकन दाबले की सबंध नकाशा पडद्यावर मावतो. उजव्या बटणाबाबत मात्र एकमत नाही. कोणी त्यास ‘एंटर’चे काम देतो, कोणी त्याने मागचीच आज्ञा पुन्हा चालवितो, कोणास त्यातून आज्ञांची यादी उघडलेली हवी असते. काही माउसना अंगठ्याजवळ आणखी बटणे असतात. त्यांपैकी एकास ‘रद्द’, दुसऱ्यास ‘मागे फिर’ अशी कामे नेमून देता येतात. मधले चाक दाबल्यावर नकाशा सरकावा की रेषेचे टोक, मध्य, वर्तुळाचे केंद्र अशा नेमक्या जागा पकडण्याची यादी उघडावी, हेही एक आकडा शून्याचा एक करून बदलता येते.

थोडक्यात, एकाच कंपनीचा, एकाच पेटीतून आलेला माउस दोन माणसांच्या हाती दोन निराळी अवजारे होऊ शकतो. तो ज्याचा त्याच्याकडे असेल तोवर वाद नाही. वाद सुरू होतो तो टेबल समाईक असेल तेव्हा.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. माउसची बटणे जशी आहेत तशीच ती असणे स्वाभाविक आहे, असे पुष्कळांस वाटते. तसे मुळीच नाही. १९६३ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ नावाची आरेखनाची प्रणाली सिद्ध केली, तेव्हा माउस नव्हताच. प्रकाश टिपणाऱ्या लेखणीने पडद्यावर रेषा ओढली जाई आणि आज्ञांसाठी वेगळ्या बटणांची पेटी असे. पुढच्याच वर्षी डग्लस एंगलबार्ट आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी लाकडी खोक्याचा पहिला माउस बनविला, त्यास एकच बटण होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले तेव्हा त्याची तीन बटणे झाली होती. डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचे आणखी एक यंत्र होते. म्हणजे दोन्ही हातांनी काम करावे अशी मूळ कल्पना होती. १९७३ च्या झेरॉक्स ‘ऑल्टो’ संगणकाच्या माउसला तीन बटणे राहिली. १९८३ साली ॲपल कंपनीने ‘लिसा’ संगणकास, नवख्या माणसाचा गोंधळ उडू नये म्हणून, एकच बटण ठेवले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा माउस दोन बटणांचा निघाला. आज ज्याशिवाय आरेखकाचे पान हलत नाही ते चाक सर्वदूर पसरले ते १९९६ नंतर.

या इतिहासातून आम्ही एवढेच घेतो की बटणांची संख्या, त्यांची जागा आणि त्यांचा अर्थ यांतील काहीही निसर्गाने ठरविलेले नाही. कोणी तरी, कधी तरी, कोणाच्या तरी सोयीसाठी ते ठरविले. जे माणसांनी ठरविले त्याबद्दल ‘हे कोणाच्या सोयीचे?’ असा प्रश्न विचारणे हा उद्धटपणा होत नाही.

आता अवजार हाताप्रमाणे बदलणे योग्य की हात अवजाराप्रमाणे बदलणे योग्य, या प्रश्नाकडे वळू. आपल्या कारागिरांची परंपरा पाहिली तर उत्तर सोपे वाटते. सुतार आपल्या रंध्याची मूठ आपल्या तळव्याला बसेल अशी घासून घेतो. शहापूर-वडगावचा विणकर मागाची उंची आणि पावड्यांचे अंतर आपल्या पायांच्या मापाने ठरवितो. आम्ही १९८० च्या दशकात राज्य सरकारच्या नोकरीत शिरलो तेव्हा आमच्या कचेरीतील वृद्ध आरेखक आपले रूलिंग पेन दुसऱ्यास देत नसत. त्या पेनाची दोन पाती ते स्वतः पाथरीवर घासून ठेवीत. वर्षानुवर्षे एकाच कोनात धरल्यामुळे पात्याचे टोक त्यांच्याच हाताच्या कलाने झिजलेले असे, आणि दुसऱ्याने त्याने रेषा ओढली तर शाई फुटे. यास कोणी स्वार्थ म्हणत नसे. हातात मुरलेले हत्यार ही कारागिराची कमाई समजली जाई.

परंतु त्याच कचेरीत दुसरा एक नियम तितक्याच कडकपणे पाळला जाई. पेन ज्याचे त्याचे असले तरी नकाशा कोणाचाच खाजगी नसे. त्याची मोजपट्टी, तुटक रेषेचा अर्थ, छेद दाखविण्याची तिरपी रेघाटी, आकडे लिहिण्याची पद्धत हे सारे ठरलेले असे. भारतीय मानक ब्यूरोने १९८८ साली ‘एस. पी. ४६’ या नावाने आरेखनाचे जे संकेत विद्यार्थ्यांसाठी एकत्र केले, त्यांचा हेतू हाच की एकाने काढलेले दुसऱ्यास बिनचूक वाचता यावे. जमिनीच्या मोजणीत तर हे अधिकच जाणवते. तेहतीस फुटांची साखळी, तिच्या लांबी-रुंदीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, हा हिशेब मुंबई इलाख्याच्या जमाबंदीपासून आमच्या भागातील शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. एखादा मोजणीदार ‘माझ्या हाताला तीस फुटांची साखळी सोयीची पडते’ असे म्हणाला असता, तर भावाभावांतील बांध कायमचे भांडणात पडले असते.

तेव्हा पहिली रेषा अशी आखता येते: हातातील अवजार ज्याचे त्याचे, आणि कागदावरील अर्थ सर्वांचा. ही विभागणी इतकी सुबक आहे की येथेच थांबण्याचा मोह होतो. मात्र संगणकाने ती बिघडविली आहे. एका माउसवर सकाळी एक, दुपारी दुसरा बसतो. अवजार हाताचे राहिले नाही, ते टेबलाचे झाले.

यासंबंधी आमच्या पाहण्यातील एक हकीकत सांगणे उपयोगाचे होईल. २००० नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतील ती आहे. एका कचेरीत आरेखक पाच आणि ऑटोकॅड घातलेले संगणक दोन, अशी स्थिती होती. पाचांत एक अनुभवी गृहस्थ होते. त्यांनी उजव्या बटणास मागची आज्ञा पुन्हा चालविण्याचे काम देऊन ठेविले होते, कारण त्यांचा वेग त्यावर अवलंबून होता. दुसऱ्या एक तरुण बाई डावखुऱ्या होत्या. त्या सकाळी आल्या की माउस कीबोर्डच्या डावीकडे घेत आणि विंडोजमध्ये जाऊन डाव्या-उजव्या बटणांची अदलाबदल करीत. जाताना पूर्ववत करणे कधी घाईत राहून जाई. त्यांच्यानंतर बसणाऱ्यास काही क्षण काय चालले आहे ते कळत नसे. निवडायला जावे तर यादी उघडे, यादी मागावी तर रेषा उचलली जाई. अनुभवी गृहस्थांच्या मागून बसणाऱ्याचीही तीच गत. एके दिवशी यादी मिळेल या समजुतीने एकाने उजवे बटण दाबले आणि आधीची पुसण्याची आज्ञा पुन्हा चालू होऊन नकाशातील भलतीच रेषा गेली. ती परत आणता आली, परंतु तक्रार वरपर्यंत पोचली. वरिष्ठांनी लेखी आदेश काढला की संगणकाच्या मूळ रचनेत कोणीही कसलाही बदल करू नये.

आदेश दिसण्यात अगदी निःपक्षपाती होता. सर्वांस सारखाच लागू होता. परंतु त्याचा भार कोणावर किती पडला ते पाहावे. तिघा उजव्या हाताच्या आरेखकांचे काहीच गेले नाही. मूळ रचना त्यांच्याच हातासाठी केलेली होती. अनुभवी गृहस्थांचा थोडा वेग गेला. त्या बाईंना मात्र दिवसभर परक्या हाताने काम करावे लागले. पुढे त्यांचे काम ‘संथ’ असल्याची कुजबुज सुरू झाली आणि तीही खरीच होती, कारण ज्या हाताने त्या काम करीत होत्या तो हात संथच होता.

सर्वांना एकच नियम लावणे म्हणजे न्याय, ही सरकारी नोकरीतील आमची जुनी शिकवण. ती चुकीची नाही. लाचलुचपत आणि वशिलेबाजी यांच्याविरुद्ध माणसाजवळ तेवढीच एक भिंत असते. परंतु नियम सर्वांना सारखा असला तरी त्याच्यामागील रचना एकाच्याच मापाची असू शकते. निपाणीकडे विड्यांसाठी तेंदूची पाने कातरणाऱ्या स्त्रियांचे काम आठवावे. साधी कात्री उजव्या हातात धरली की बोटांचा दाब दोन पाती एकमेकांवर आणतो. तीच डाव्या हातात धरली की तोच दाब पाती एकमेकांपासून दूर सारतो, आणि कापण्याची रेषाही वरच्या पात्याआड जाते. ‘सर्वांना एकच कात्री दिली आहे’ असे म्हणणे खोटे नाही. पण ते पुरेसे खरेही नाही.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. माणूस म्हणजे काही लाकडाचा ओंडका नव्हे. तो शिकू शकतो. हात वळविला की वळतो. अवजार आपल्याप्रमाणे वाकविण्याचा हट्ट धरणारा माणूस आळशी आणि परावलंबी होतो. बारा बटणांचा माउस स्वतःच्या सोयीने रचून घेतलेला आरेखक दुसऱ्याच्या टेबलावर अगदी अडाणी ठरतो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० सालच्या आपल्या ग्रंथात सवयीचे जे महत्त्व सांगितले, त्याचा मथितार्थ असा की रोजच्या बारीकसारीक हालचाली सवयीच्या स्वाधीन केल्या म्हणजे मन वरच्या कामास मोकळे होते. हे मान्य केले तरी एक प्रश्न उरतोच. सवय फक्त एकाच टेबलाशी बांधलेली असेल तर ते मन टेबलाचे मिंधे झाले, असे म्हणावे लागेल.

आक्षेपाच्या बाजूने आम्ही आणखी एक उदाहरण देतो, आणि ते आमच्या गावाशी नाते असलेल्या पुरुषाचे आहे. महात्मा गांधी अखिल भारतीय काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते डिसेंबर १९२४ मध्ये आमच्या बेळगावात. टिळकवाडीतील काँग्रेस विहीर त्या दिवसांची साक्ष आहे. या गांधीजींनी १९०९ साली इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस परतताना ‘किल्डोनन कॅसल’ या जहाजावर ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. लिहिता लिहिता उजवा हात थकला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लेखन चालू ठेवले, आणि हस्तलिखिताची काही पाने त्या हाताची आहेत. अवजार बदलण्याऐवजी हातच बदलला. यापरते आत्मनिग्रहाचे उदाहरण कोणते?

आम्ही हे उदाहरण पूर्ण आदराने स्वीकारतो. परंतु त्यातील एक गोष्ट नजरेआड होऊ नये. गांधीजींना डाव्या हाताने लिहावयास कोणी भाग पाडले नव्हते. उजवा हात विसावला की त्यांना पुन्हा त्याच हाताने लिहिण्याची मुभा होती. याच्या शेजारी आपल्या घरांतील एक जुने दृश्य ठेवून पाहावे. पाटावर बसलेले लहान मूल डाव्या हाताने घास उचलते आणि त्याच्या हातावर चापट बसते. पाटीवर पेन्सिल डाव्या हाताने धरली म्हणून मास्तरांची छडी बसते. तेही मूल हात बदलावयास शिकते. वरवर पाहता दोन्हीकडे घडले ते एकच, पण एक निग्रह आहे आणि दुसरी सक्ती. स्वतःहून जुळवून घेणे हा सद्गुण आहे. जुळवून घेण्याची पाळी नेहमी एकाच बाजूवर येऊ लागली, आणि दुसऱ्या बाजूस आपणास कधी जुळवून घ्यावे लागत नाही याची जाणीवही राहिली नाही, की त्याच सद्गुणाचा उपयोग अन्याय झाकण्यासाठी होतो.

सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांस हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातील हा जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला. मामलेदार कचेरीतील कागदाची लिपी बदलली. आमच्यापैकी पुष्कळांनी ती लिपी शिकून घेतली. आम्हीही शिकलो, तिच्यात टिपणे लिहिली, आणि त्या भाषेतील उत्तम ग्रंथ वाचावयास मिळाले हा आमचा लाभच झाला. शिकण्याचे दुःख आम्हांस कधीच नव्हते. दुःख होई ते खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या, केवळ मराठी वाचता येणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा कागद समजावून सांगावयास कोणी उठत नसे तेव्हा. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की आपल्या घरांतही कानडी बोलणाऱ्या सुनेला किंवा शेजाऱ्याला ‘आमच्याकडे मराठीच’ असे ऐकवणारे आहेत. मूळ रचना आपल्या मापाची असली की ती रचना आहे हेच माणसास दिसत नाही. यास कोणतीही भाषा अपवाद नाही.

खडेबाजारातील दुकानदार या बाबतीत आम्हां शिकलेल्यांहून शहाणा आहे. गिऱ्हाईक पायरी चढले की तो त्याच्या पहिल्या शब्दावरून भाषा ओळखतो. एकाशी मराठी, दुसऱ्याशी कानडी, तिसऱ्याशी उर्दू, आणि गोव्याकडून आलेल्याशी मोडकी का होईना कोंकणी. बोलण्याची रीत गिऱ्हाइकागणिक बदलते. कापडाचा मीटर आणि दर मात्र बदलत नाही. येथे आम्हांस मघाच्या प्रश्नाचे उत्तर दिसते.

गंमत अशी की आरेखनाच्या प्रणालीनेही हेच उत्तर दिलेले आहे. ऑटोकॅडमध्ये उजवे बटण, मधले चाक, शिफ्ट किंवा कंट्रोल कळीसह दाबलेली बटणे यांची कामे वापरणारा बदलू शकतो. पण निवड करण्याचे जे पहिले बटण, त्याचे काम प्रणालीच्या आत बदलता येत नाही. एक बटण स्थिर ठेविले आहे. डावखुऱ्या माणसाने विंडोजमध्ये बटणांची अदलाबदल केली तर निवडीचे बटण दुसऱ्या बाजूस जाते, आणि निवडणे हे निवडणेच राहते. अर्थ जागच्या जागी आणि जागा मात्र हाताप्रमाणे निराळी. पुढे २००६ च्या आवृत्तीपासून या प्रणालीत सानुकूल रचनेच्या दोन धारिकांची सोय आली: एक सबंध कचेरीसाठी समाईक, जी सामान्य वापरणाऱ्याने बदलावयाची नसते, आणि दुसरी ज्याची त्याची. घरातील देवघर सर्वांचे आणि फडताळ ज्याचे त्याचे, असाच हा प्रकार म्हणावा.

मघाच्या कचेरीतील गुंताही अखेर अशाच मार्गाने सुटला. कोणास तरी सुचले की संगणकावर पाचही जणांची पाच नावे स्वतंत्र घालावीत. माउसची अदलाबदल आणि ऑटोकॅडची रचना ही ज्याच्या त्याच्या नावाखाली साठविली जाते. बाई आपल्या नावाने आत गेल्या की बटणे त्यांच्या हाताची होत, बाहेर पडल्या की पुढच्याच्या हाताची. खर्च एका पैशाचाही आला नाही. आदेश मागे घेतला गेला नाही, तो केवळ निरर्थक झाला. आमच्या मनात राहिली ती गोष्ट वेगळीच. ही सोय त्या संगणकात पहिल्या दिवसापासून होती. ती शोधण्यास इतका काळ लागला, कारण ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांच्या हाताला काहीच टोचत नव्हते.

अर्थात सर्व समाईक वस्तूंना पाच नावे घालता येत नाहीत. जिना एकच असतो, पंखा एकच असतो, घरातील विळीही एकच असते. तेथे यंत्र आपल्या मदतीस येत नाही आणि माणसासच निवाडा करावा लागतो. अशा वेळी उपयोगी पडतील असे चार विचार आम्ही नम्रपणे मांडतो.

पहिला असा की गरज आणि वेग यांत भेद करावा. त्या अनुभवी गृहस्थांस बटण बदलून हवे होते ते वेगासाठी. बाईंना हवे होते ते काम होण्यासाठी. दोन्ही मागण्या कागदावर सारख्या दिसतात, त्यांचे वजन सारखे नसते. समाईक वस्तूवर गरजेचा हक्क वेगाच्या आधी. अर्थात गरज आणि सोय यांमधील सीमा पुष्कळदा पुसट असते. दिवसभर एकाच बोटावर ताण आल्यामुळे ज्याचे मनगट दुखू लागले आहे त्याची मागणी काल सोय होती आणि आज गरज झाली आहे. म्हणून हा निवाडा एकदाच करून फाइल बंद करता येत नाही.

दुसरा असा की जो बदल करील त्याने तो परतवावा, आणि न जमल्यास निदान लिहून ठेवावा. पडद्याच्या कडेला चिकटविलेली एक चिठ्ठी पुढच्याचा अर्धा तास वाचविते. आडावरची दोरी गुंडाळून ठेवणे यासच म्हणतात.

तिसरा असा की आपली सोय करताना समाईक अर्थास धक्का लावू नये. बटणे हवी तशी फिरवावीत. नकाशातील तुटक रेषेचा अर्थ, मोजपट्टी आणि मापे यांना हात लावू नये. ज्यावर दुसऱ्याचा विश्वास उभा आहे त्या गोष्टीत ‘माझी पद्धत’ नसते.

चौथा विचार अधिकाराच्या जागी बसलेल्यांसाठी आहे. समाईक वस्तूबद्दल नियम करण्यापूर्वी त्यांनी ती वस्तू तक्रार करणाऱ्याच्या हाताने एक तास वापरून पाहावी. उजव्या हाताच्या अधिकाऱ्याने माउस डावीकडे घ्यावा आणि एक साधी खोली काढावी, भिंत, दार, खिडकी. त्यास फारसे काही समजावून सांगण्याची वेळ येणार नाही. आणि ज्यास आपली रचना लाभलेली आहे त्यानेही अधूनमधून मूळ रचनेवर काम करण्याचा सराव ठेवावा. दुसऱ्याच्या टेबलावर पाहुणा म्हणून बसता येणे हीदेखील एक विद्या आहे.

आता आम्ही निवृत्त आहोत. आमच्या घरी संगणक एक आणि वापरणारे तीन पिढ्यांचे चौघे. नातवंडांपैकी एक डावखुरे आहे. त्याच्या आईने परवा माउस डावीकडे ठेविला आणि बटणे बदलून दिली. आता दुपारी वर्तमानपत्र उघडावयास बसलो की माउस उजवीकडे घेऊन आम्हांस दोन ठिकाणी बटण दाबून पूर्वस्थिती आणावी लागते, आणि उठताना पुन्हा त्याची. सर्व मिळून अर्धा मिनिट जाते. हे अर्धे मिनिट कोणी द्यावयाचे, एवढाच काय तो प्रश्न असतो. ते रोज त्या मुलानेच द्यावे, असे म्हणण्यास आम्हांस काही सबळ कारण सापडलेले नाही.